कौतिकाबाईची अडत

वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट वास आणि कापडाखाली एकमेकांवर घासणाऱ्या चिंचोक्यांचा दबका, कोरडा आवाज. कौतिकाबाई आठवली की आधी हे दोनच येतात. चेहरा मागाहून येतो, आणि तोही अर्धाच. मेहकरातल्या तिच्या त्या बुटक्या, शेणानं सारवलेल्या खोलीत उजेड दारापाशीच थबकायचा, भिडस्त पाहुण्यासारखा उंबऱ्यावर टेकायचा आणि आत येण्याचं काही मनावर घ्यायचा नाही. त्या अर्ध्या अंधारात ती बसलेली असे. मांडीवर एक जुनं मांजरपाट पसरलेलं, आणि त्याच्या खाली तिचे हात. हात दिसत नसत, म्हणून मला तिचा संशय येई. ज्याचे हात दिसत नाहीत त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं मी त्या काळी मानत होतो. माझे हात शाईनं भरलेले असत आणि सगळ्या जगाला दिसत, हा माझा प्रामाणिकपणाचा पुरावा.

तिचा नवरा कापसाच्या बाजारात दलाल होता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, ओठ हलू द्यायचे नाहीत, ही त्याची विद्या. तो गेला आणि विद्या घरात उरली. तेव्हा कौतिकाबाईनं कापसाऐवजी माणसांच्या घरातल्या नकोशा झालेल्या वस्तूंची अडत मांडली. बोहारीण जुनेर घेते आणि त्याच्या बदल्यात भांडं देऊन मोकळी होते. हिचं तसं नव्हतं. ही वस्तू विकत घेत नसे, ठेवून घेत असे. दिवंगताचा फेटा, लेकरं मोठी झाल्यामुळे रिकामा पडलेला पाळणा, सवतीनं दिलेली म्हणून डोळ्यांत खुपणारी परात, असं काय काय तिच्याकडे येऊन भिंतीवरच्या खुंट्यांना लटके, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत निंबाच्या पाल्यात मुक्यानं निजून राही. विकलं गेलं की तिची अडत तिला, बाकीचे पैसे धन्याला. पण मेहकरची वस्तू ती मेहकरात विकत नसे. तुमचं लुगडं उद्या तुमच्याच पाणवठ्यावर दुसरीच्या अंगावर दिसलं तर तुम्हाला घागर उचलवेल का, असं ती विचारी. म्हणून इथला माल परगावच्या माणसाला, परगावचा इथल्याला. आणि कोणाचा माल कोणाकडे गेला, हे दोघांनाही कळू देत नसे.

भावही ती बोलत नसे. बाईमाणसानं परपुरुषाची बोटं कशी दाबावी? म्हणून तिनं चिंचोके काढले. मांजरपाटाखाली ती आपल्या मनातल्या भावाइतके चिंचोके मांडी. गिऱ्हाईक हात घाली, चाचपे, काही उचलून बाजूला सारी. ती पुन्हा त्यातले काही परत ठेवी. शब्द नाही, आवाज नाही, नुसती ती कोरडी कुजबुज. त्याआधी मात्र ती प्रत्येकाला न चुकता सांगे, "उजेडात नेऊन पाह्य बाप्पा, मंग मले नाव ठेवजो नको." आणि प्रत्येक जण वस्तू दारापाशी नेई, उलटी करी, ताणून पाही, वास घेई, डाग शोधी. माणूस उजेडाकडे पाठ करून कधी काही विकत घेत नाही, हे मी तिच्या दारात उभं राहून शिकलो.

मी तेव्हा तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली अर्जनवीस होतो. आमच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घराण्यातला शाळा शिकलेला पहिलाच पुरुष. त्यामुळे मेथीची जुडी आणि मी यांत काहीतरी नातं आहे, हे लोकांच्या लक्षात येऊ नये यासाठी माझी अखंड धडपड चाले. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहायच्या, बांध कोणी कोरला, बैल कोणी पळवला. त्यामुळे माझी नजर अशी तयार झाली होती की देवळातली घंटा जरा लवकर वाजली तरी पुजाऱ्याच्या मनात काय आहे याचा मी विचार करत बसे. एवढ्या तयार नजरेला माझ्या स्वतःच्या घरातलं मात्र काही दिसत नसे, हा भाग वेगळा.

दिवाळसणाला सासऱ्यांनी मला शाल दिली होती. माझे सासरे जानेफळचे. वांगी आणि मेथी घेऊन दर बाजाराला मेहकरात येत, बोलत कमी, आणि बोलले तरी जमिनीकडे पाहून. शाल लोकरीची, ऊबदार, आणि हिरवी. हिरवी म्हणजे पिकाची सौम्य हिरवाई नव्हे. पोपटी, आणि वर काठ लालभडक. ती पांघरून मी पहिल्यांदा निंबाखाली बसलो तेव्हा शेजारच्या अर्जनवीसानं लेखणी खाली ठेवली आणि अतिशय अदबीनं विचारलं, "काऊन जी पोपटराव, पेरू आणू काय?" त्या दिवसापासून सगळी कचेरी मला पेरू विचारू लागली. त्यातच उंदरानं शालीचा एक कोपरा कुरतडला. माझी बायको रखमा हिनं तिथं पिवळ्या दोऱ्यानं रफू केला, आणि रफू दिसू नये म्हणून त्याचीच एक कोयरी काढली. इतकी देखणी की उंदराला श्रेय द्यावं. मग शाल पेटीच्या तळाशी गेली. तिथून ती एका दुपारी माझ्या काखेतून कौतिकाबाईच्या खोलीत गेली, आणि ती आता पेटीत नाही हे रखमाला ठाऊक नव्हतं.

"धन्याच्या मर्जीनं आली ना?" कौतिकाबाईनं विचारलं.

"मीच धनी आहे."

तिनं अंधारातच कोयरीवरून अंगठा फिरवला. "हा टाका बाईचा आहे," ती म्हणाली.

"तर?"

"तर काही नाही. विचारलं."

मग माझ्या संशयाचा ऋतू सुरू झाला. थंडी सरत होती, कचेरीच्या आवारात निंबाची पानं पिवळी होऊन गळत होती, आणि मी काही ना काही निमित्तानं तिच्या दारावरून जात होतो. शाल खुंटीवर असली की वाटे, ही मुद्दाम विकत नाही, थंडीत स्वतः पांघरते. एकदा तर ती शिंकली नाही यावरूनही मी तेच अनुमान काढलं. पळस पेटले, शिमग्याच्या राखा गार झाल्या, आणि एका बाजाराच्या संध्याकाळी खुंटी रिकामी दिसली. तेव्हा वाटलं, चिंचोक्यांत काही चलाखी केली असणार. कापडाखाली काय झालं, कोणी पाहिलंय?

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"कुठं?"

"परगावी."

परगाव म्हणजे माझ्या लेखी जगाचं दुसरं टोक. पैसे भलतेच चांगले आले होते, त्यामुळे संशय अधिकच बळावला. इतके हिनं मला दिले, तर स्वतः किती ठेवले असतील! त्या पैशांचा मी सोनेरी काड्यांचा चष्मा घेतला. माझे डोळे घारीचे होते. काचा साध्या होत्या. पण चष्म्याआड अर्जनवीस वकिलासारखा दिसतो, असा माझा समज. रखमानं विचारलं, "डोळ्याले काही झालं काय जी?" मी म्हणालो, "वाचून वाचून."

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अंगावर काही घालायचं, ही आमच्याकडची रीत. आणि जेठाचं ते ऊन असं की जानेफळच्या वाटेवर धूळसुद्धा सावली शोधत होती. सासऱ्यांच्या ओसरीत पाट मांडला, भोवती रांगोळी, समोर वाफाळणारे धोंडे, वर तुपाची धार. चष्म्यावर वाफ धरली आणि मला काही दिसेनासं झालं. एवढ्यात पाठीमागून सासरे आले आणि त्यांनी माझ्या खांद्यांवर काहीतरी ऊबदार टाकलं. काचा पुसून पाहिलं, तर हिरवं. पोपटी. काठ लालभडक. आणि माझ्या उजव्या खांद्यावरून, नेमकी पदकासारखी, पिवळी कोयरी.

त्या क्षणी माझ्या अंगाला जो घाम फुटला तो सगळाच उन्हाचा नव्हता. सासू, मेहुणे, शेजारपाजारच्या बाया, सगळं घरदार पाहत होतं. बापानं दिलेला आहेर नवऱ्यानं बाजारात घातला, हे जर त्या ओसरीत कोणाच्या तोंडून निघालं असतं, तर रखमाला पुन्हा त्या घराचा उंबरा ताठ मानेनं ओलांडता आला नसता; आणि ते बोलायला सर्वांत जवळ तीच उभी होती, हातात तुपाची वाटी घेऊन. तिची नजर कोयरीवर पडली. आपला टाका बाई विसरत नाही. तुपाची धार जरा थांबली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. धोंड्याकडे पाहिलं, आणि धोंडाही मला ओळखीचा वाटू लागला.

"काऊन वं रखमा?" सासू म्हणाली. "काय पाहून राह्यली?"

रखमा वाकली, माझ्या खांद्यावरची शाल तिनं सारखी केली, आणि त्या करण्यात कोयरी आतल्या घडीत गेली. "काही नाही माय," ती म्हणाली. "बाबांनी बरं केलं. पयल्या शालीले जोड झाली."

"जोडच पाह्यजे होती," सासरे म्हणाले, जमिनीकडे पाहून. "जवाईबापू, जेवा. थंडं होते."

मी जेवलो. लोकरीची शाल पांघरून, जेठाच्या दुपारी, घामानं निथळत, शेवटच्या घासापर्यंत. ती काढायची माझी छाती झाली नाही. एक मेहुणा वारा घालत म्हणाला, "भाऊजीले शाल लय आवडली दिसते."

मेहकरला परत आलो तो तडक कौतिकाबाईच्या दारात. "बाई, तुम्हाला माहीत होतं! ते माझे सासरे होते!"

ती निंबाचा पाला चुरत होती. "इथं सासरा नसते अन् जवाई नसते," ती म्हणाली. "माल असते, अन् परगावचं गिऱ्हाईक."

"त्यांनी ओळखली का शाल?"

"मले काय मालूम?"

"काही तरी बोलले असतील!"

"काऊन बोलतीन? बोलायचं असतं तर मी चिंचोके कायले ठेवले असते?" मग पाला चुरता चुरता तिचे हात थांबले. बाहेर उन्हाची एक पट्टी उंबऱ्यावर येऊन पडली होती. ती त्या पट्टीकडे पाहत राहिली. "एक सांगतो, तेवढंच. मी त्याइले म्हटलं, उजेडात नेऊन पाह्य बाप्पा. तर त्याइनं नेली नाही. त्या कोपऱ्यावरून हात फिरवला, अन् बसले तसेच. चिंचोके मांडले होते तेवढेच राहू देले. एक उचलला नाही."

मी चष्मा काढून हातात धरला. त्या खोलीत तो तसाही कशाला उपयोगी नव्हता.

"मग ही मला परत का दिली?" मी म्हणालो. "शरमवायला?"

"ते तुमी त्याइले विचारा," ती म्हणाली, आणि तिचे हात पुन्हा मांजरपाटाखाली गेले.

मी विचारलं नाही. सासरे पुढे कैक वर्षं बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर टेकत, पाणी पीत, जमिनीकडे पाहत, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, आता बोलतील. रखमानंही कधी विषय काढला नाही. फक्त थंडी पडली की ती पेटी उघडी, आणि काही न बोलता शाल माझ्यापुढे धरी. मी निंबाखाली ती पांघरून बसे, आणि पेरू विचारणाऱ्याला "आण, पिकलेला आण," म्हणून सांगे. तिच्या त्या धरण्यात माफी होती की टोमणा, याचा मी जन्मभर संशय घेतला. कौतिकाबाईचाही घेतो: मेहकरात परगावची एवढी माणसं येत असताना शाल तिनं बाजाराच्या दिवशी, वांग्याची पाटी रिकामी करून येणाऱ्या त्याच माणसाच्या समोरच्या खुंटीला का टांगली असेल?

विचारायला आता तिघांतलं कोणी नाही. कौतिकाबाईच्या खोलीत कोणी कडबा भरून ठेवला आहे. त्या बाजूनं गेलो की वारा कडब्यातून सळसळतो आणि मी उगाच थांबतो. काळाचीही अडत बहुधा अशीच चालते. आपण नकोसं म्हणून टाकलेलं तो मुकाट ठेवून घेतो, कोण्या परगावी फिरवून आणतो, आणि ज्यांना त्याबद्दल विचारायचं ती माणसं निघून गेल्यावर आपल्या खांद्यावर टाकतो. शाल या घटकेला माझ्या मांडीवर आहे. कोयरीचा दोरा अंगठ्याला लागतो आहे. दार उघडं आहे, ऊन उंबऱ्यापर्यंत आलं आहे. शाल मात्र मी अजून उजेडात नेऊन पाहिलेली नाही.