पद्मजाचं पहिलं 'नको'

डॅरिल बूकर आमच्या टेक्ससमधल्या अर्विंगच्या घरात शिरला तेव्हा आधी दार लहान वाटायला लागलं, मग सोफा. हा गृहस्थ बरीच वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर होता. म्हणजे चेंडू घेऊन पळत येईल त्याला आडवं करायचं. गुडघ्याने राजीनामा दिल्यावर त्याने फ्रोझन जेवणाची कंपनी काढली आणि आज राज्यभर दुकानांच्या फ्रीझरमध्ये त्याचा माल असतो. आमची इला आणि त्याची मुलगी एका वर्गात. शाळेच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याने माझ्या बायकोच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वेडाच झाला.

"माझ्याबरोबर बिझनेस करा," तो पद्मजाला इंग्रजीत म्हणाला. "पोळ्या तुमच्या, फॅक्टरी माझी."

काम करायची परवानगी नसलेल्या व्हिसापायी ही बाई कित्येक वर्षं घरात अडकलेली. ग्रीन कार्ड आल्यापासून 'आता काहीतरी माझं करायचंय' हे मला उठता-बसता ऐकवणारी. ती काय म्हणाली?

"नो, नो! मला कुठे एवढं जमतंय?"

आपल्याकडे कुणी जेवायला बसा म्हटलं की आधी 'नको' म्हणायचं. समोरच्याने आग्रह करायचा. पहिल्याच हाकेला 'हो' म्हणेल तो अधाशी. डॅरिलच्या खेळात मात्र शिट्टी वाजल्यावर धक्का दिला की दंड. तो मुकाट्याने उठला. "आय रिस्पेक्ट दॅट, मॅम," म्हणत दाराशी जाऊन बूट चढवायला लागला.

पद्मजाचा चेहरा खर्रकन उतरला. "अरे गुरू, हा तर खरंच चाललाय! थांबव ना त्याला!"

"मी? त्याला?" त्याची पोटरी माझ्या कमरेएवढी होती.

शेवटी इला दारात आडवी उभी राहिली. "वेट! इन अवर हाउस, द फर्स्ट नो डझन्ट काउंट. यू हॅव टू कीप आस्किंग."

एका पायात बूट, अशा अवस्थेत डॅरिलने पुन्हा विचारलं.

"नो, नो, कशाला उगाच," पद्मजा सवयीने म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र ती "येस!" असं ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

डॅरिल खूश होऊन परत बसला. "पाकिटावर माझं नाव टाकू. लोक ओळखतात मला."

"नो," पद्मजा म्हणाली.

गडी आता शहाणा झाला होता. त्याने हसत पुन्हा विचारलं. नो. मग जरा लाडीगोडी लावून विचारलं.

"नो. पोळी माझी, नाव माझं."

गोंधळून तो इलाकडे वळला. "आता हा कुठला नो?"

इलाने आईकडे नीट निरखून पाहिलं. "दॅट वन इज रिअल."

हातातोंडाशी आलेला घास जातोय, म्हणून मी तिला डोळ्यांनी खुणावलं. पद्मजा मात्र जागची हलली नाही. मग डॅरिलने खिशातून पेन काढलं. "स्पेलिंग सांगा, मॅम."

तिने एकेक अक्षर सांगितलं. स्वतःचं नाव इतक्या मोठ्याने घेताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.