दोरा नसलेली सुई

शिंप्याच्या मुलीला फळ्यावरचं दिसत नसे, पण सुईचं नेढं झोपेतही दिसलं असतं. बापाचं उलट. लांबचं सगळं लख्ख, हातातली सुई मात्र धुक्यात. बायकोचीही तीच गत. म्हणून मुलीने दोरा ओवायचा आणि बापाने शिवायचं, असं ठरून गेलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं. "डोळा लांबट वाढतोय. आतला पडदा ताणून पातळ होतोय."

"मग शिवण थोडी सोडा की," शिंपी म्हणाला. "आत जादा कापड असेलच."

"डोळ्याला शिवण नसते. चष्मा लावा, रोज उघड्यावर खेळू दे, आणि तासन्तास जवळचं बारीक काम नको."

शिंपी वाटभर हिशेब करत राहिला. वाढत्या पोरीच्या डोळ्यात जादा कापड ठेवत नाहीत म्हणजे काय? फाटलं तर रफू कुठून करायचं?

घरी येऊन त्याने जवळचं म्हणून काही ठेवलंच नाही. धडे चादरींवर हातभर अक्षरांत लिहून समोरच्या गच्चीवर टांगले. आईने बोलायचं तेही रस्त्यापलीकडून.

"अहो, वेणी कशी घालू?" तिने पलीकडून विचारलं.

"काठीला फणी बांध."

मशीनही मैदानात आलं. मुलीला पार दुसऱ्या टोकाला खेळायला धाडलं. तेवढ्यात दोरा संपला. हाक मारायला शिंप्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग बिनदोऱ्याच्या सुईनेच शिवायला बसला. मशीन झकास चाललं.

पोस्टमास्तर नवा कोट घालून निघाले. कोपऱ्यावर एक बाही गेली, वळणावर दुसरी. परत आले तेव्हा गळ्यात फक्त कॉलर होती.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले, "पण काहीतरी कमी पडतंय."

"पुन्हा शिवून देतो," म्हणत शिंप्याने मान खाली घालून मशीन सुरू केलं. तीच सुई, तशीच रिकामी.

"बाबा, सुईत दोरा नाहीये," मैदानाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

"खेळ तू गपचूप. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दिसतंय."

शिंप्याचा पाय थांबला. पार तिकडे ती उभी होती, नाकावर नवा चष्मा. त्याला रडू आलं, आणि आता लांबचंही धुक्यात गेलं.

"ये मग," तो म्हणाला. "एकदाच ओव, आणि पळ परत."