उजव्या हाताची शेवटची बातमी

मी कटिंगमास्तरांच्या उजव्या हातातली नस बोलतेय. मानेतून निघते, दंडातून खाली उतरते आणि मनगटापाशी संपते. पूर्वी बोटांच्या टोकांपर्यंत जायचे. आता तिथे बोटंच नाहीत, तरी मी रोज त्यांची खबर वर मेंदूला देते. ऐकून तुमच्या अंगावर काटा आला असेल, तर मास्तरांची काय गत होत असेल?

मास्तर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापायचे. त्यांच्या यंत्राला दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असले तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण काम भराभर उरकावं म्हणून तिथे सगळेच एका बटणात पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ते दाबलेलंच ठेवत. मास्तरही त्यातलेच. एका दुपारी सरकलेले कागद त्यांनी उजव्या मुठीत घट्ट धरले, आणि डावा हात सवयीने बटणावर गेला.

मी बातमी पाठवली: मूठ वळलेली, कागद हातात, आग आग. त्यानंतर खालून काहीच आलं नाही.

तीन महिन्यांत जखम भरली. डॉक्टर खूश झाले. पण माझ्याकडे नवी बातमीच नव्हती, म्हणून मी जुनीच पाठवत राहिले आणि वर मेंदू ती इमानेइतबारे खरी मानत राहिला. नसलेली मूठ वळलेलीच राहिली, नखं तळव्यात रुतत राहिली. शेजारी कुणी दार आपटलं, की ती आणखी आवळायची. मास्तरांना पुढची काळजी लागली, झोप उडाली, की माझा आवाज चढायचा. चोर कधीच पळून गेला तरी भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखी माझी गत झाली होती.

आपल्याला वेड लागलंय असं वाटून मास्तर घरात बोलायचेच नाहीत. एकदा जेवताना त्यांच्याने राहवलं नाही. "हात दुखतोय," ते म्हणाले.

"डावा?" बायकोने विचारलं.

"नाही. तो दुसरा."

तिने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाली, "कुठे आहे तो आत्ता?"

मास्तरांनी ताटाच्या उजव्या बाजूला मान वळवली. तिने तिथलं पाण्याचं भांडं उचलून हळूच बाजूला ठेवलं.

तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर आरसा उभा केला. थोटा हात आरशामागे, डावा पुढे. "काका, आरशात बघा. दोन्ही मुठी वळा. आता सावकाश उघडा."

आरशात उजवा हात होता, नखांसकट. तो उघडला. मी खालून काहीच पाठवलं नव्हतं, शपथेवर सांगते. तरी मूठ सुटली.

"कागद पडले," मास्तर पुटपुटले आणि फरशीवर शोधू लागले.

मग रोज घरी आरसा सुरू झाला. दुखणं उतरत गेलं, पण त्याबरोबर हातही लहान होत चालला. तळवा नाहीसा झाला. बोटं मनगटाला येऊन चिकटली, तान्ह्या बाळाची असावीत एवढीशी. घाबरून मास्तरांनी आरसा कपाटावर टाकला. "दुखू दे, पण असू दे," ते म्हणाले. आठ दिवसांत मूठ पुन्हा आवळली आणि त्यांचं अन्नपाणी सुटलं.

बायकोने आरसा खाली काढला. "अहो, त्या हातासाठी मी तेव्हाच रडून घेतलंय. आता तुमच्यासाठी रडायला लावू नका."

मास्तर आरशासमोर बसले.

तुमच्याही अंगात माझ्यासारखी एखादी ओरडत असेल, तर तिला खोटारडी म्हणू नका. धोका टळला, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा. एकदा सांगून भागत नाही, रोज सांगा.

आता फक्त अंगठा उरलाय. तोही एक-दोन दिवसांत जाईल. आज आरसा आवरताना बायकोने मास्तरांच्या उजव्या बाहीच्या रिकाम्या टोकाशी आपला तळवा धरला. त्यांनी डोळे मिटून तो अंगठा तिच्या तळव्यावरून अलगद फिरवला. तिला काही कळणं शक्यच नव्हतं. तिने सावकाश मूठ मिटून घेतली.