साडेतीन टक्के आणि दोन बोटं

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो, आणि माझी काच काही वयाने तडकलेली नाही. तिच्यावर हातोडा बसला आहे. माझ्या सातच्या बटणाखाली रक्त वाळलंय, ते आता निघायचं नाही.

कारखान्यात मला साच्यात दाबलं, स्क्रूंनी आवळलं आणि खोक्यात कोंबलं. तिथून मी दोन सुतार भावांच्या दुकानात आलो. तिथे दिवसभर ठोकाठोक. थोरल्याच्या हातात कसब होतं आणि नाकावर राग. धाकटा हिशेब बघायचा. माझ्यावर त्याचा भारी जीव! माझ्यावरचा भुसा तो रोज फडक्याने पुसायचा. "हा कधी खोटं बोलत नाही," असं गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी फुगून जायचो.

एकदा नव्या यंत्रासाठी थोरल्याने क्रेडिट कार्डावर एक लाख उचलले. बँकेची खास सवलत होती : वर्षभर काही भरायचं नाही, मग सगळं एकदम. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. धाकट्याने साडेतीनला बाराने गुणलं आणि मी बेचाळीस दाखवले. त्याने विचारलं तेवढंच मी सांगितलं. थोरला पोटाला चिमटा काढून महिन्यामागून महिने धाकट्याकडे पैसे देत गेला. एक लाख बेचाळीस हजार जमले, धाकट्याने ते भरले. आठवड्यात बँकेचा कागद आला : अजून नऊ हजार एकशे सात बाकी.

"नऊ हजार कुठे घातलेस?" थोरला गरजला.

"दादा, शप्पथ, सगळे भरले. थांब, पुन्हा करून दाखवतो."

"माझ्याच घरात चोर!"

धाकट्याने माझ्यावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि थोरल्याचा हातोडा खाली आला. आधी बोटांवर, मग माझ्यावर. हाडं मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. मग कॉलर धरून त्याने भावाला फळ्यांच्या थप्पीवर फेकलं, लाथ घातली, पुन्हा घातली. भुसा लाल झाला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

थोरल्याची बायको आत पॉलिश करत होती. ती तशीच धावत आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"अहो, पॉलिशचा दुसरा हात कशावर बसतो? लाकडावर?"

"पहिल्या हातावर," थोरला धापा टाकत म्हणाला. "त्याचं आत्ता काय?"

"मग दुसऱ्या महिन्याचं व्याजही पहिल्याच्या व्याजावर बसणार ना! बाराने गुणून कसं भागेल?"

तिने मला उचललं. एक पूर्णांक शून्य तीन पाच, गुणिलेचं बटण दोनदा, आणि मग बरोबरचं बटण मोजून अकरा वेळा दाबलं; पहिला महिना आकड्यात आधीच होता. तडकलेल्या काचेतून मी कसंबसं दाखवलं : एकाचे दीडाहून जास्त. बेचाळीस नव्हे, वर्षाला एक्कावन्न टक्क्यांच्या वर. नऊ हजार एकशे सात तिथेच होते. थोरल्याच्या हातातून हातोडा गळून पडला.

आता मी खिडकीत पडून असतो, काच तशीच. तरी कोणी कार्डाची गोष्ट काढली, की थोरला मला पुढे करतो. "महिन्याचा दर सांगतील, तुम्ही वर्षाचा काढा. अकरा वेळा दाबा," म्हणतो. मित्रांनो, तुम्हीही दाबा. माझी बटणं झिजली तरी चालतील. पण माणसावर हात उगारायच्या आधी दाबा.

धाकटा मला अजून रोज पुसतो. डाव्या हाताने.