रत्नप्रभाचं कृपादान

मेथीच्या वाफ्यात चपलांसकट माणसं उभी राहिली आणि त्यावरून रत्नाचं नि तिच्या नवऱ्याचं, विद्याधरभाऊचं जुंपलं.

"अवं, कोवळी मेथी हाये ती! परवा कुठं पान धरलंय. हटवा ना त्यांना!" रत्ना खुरपं हातात तसंच धरून ओरडली.

"हटवू कुठं? रुळावर?" विद्याधरभाऊ म्हणाला. "गोवंडीवरनं आलेत लोक. सकाळधरनं उभे हाईत. तू आदी हात धुऊन ये."

"माझा अर्धा वाफा निंदायचा ऱ्हायलाय."

"निंदतो ना म्या. तू ये म्हणतो ना!"

मी शेजारच्या पट्टीत लाल माठ उपटत होते. नाहूर स्टेशनच्या अलीकडे रुळाला लागून जी हिरवी पट्टी दिसते, तिच्यात रत्नाचे सहा वाफे नि माझे चार. आम्ही दोघी पाथर्डीकडच्या. लग्न होऊन आलो त्याला तीस वर्षं झाली. आमची ख्रिस्ती मंडळीही एकच, पत्र्याच्या हॉलात भरणारी. इथली माती गावाकडच्यासारखी नाही. खडी, राख नि पाडलेल्या इमारतींचा चुरा. शेणखत घालून घालून आम्ही तिची माती केली. आश्विनाचं ऊन त्या दिवशी असं पडलं होतं की पालक उभ्या उभ्या मान टाकत होता. आणि त्या उन्हात वीस-बावीस माणसं रत्नाचा हात डोक्यावर पडावा म्हणून थांबली होती.

रत्नाने खुरपं मातीत खुपसलं, बोअरच्या नळाखाली हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं. दावणीच्या गाईकडे बघावं तसं मला झालं.

हे सगळं सुरू झालं उन्हाळ्यातल्या शिबिरात. आमचे नवे पाळकसाहेब, सुशांत त्यांचं नाव, वयाने तरुण, मनाने चांगला माणूस. देवाने प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलंय, ते ओळखा नि वापरा, असं ते तळमळीने सांगायचे. शिबिरात त्यांनी पन्नास प्रश्नांचा कागद वाटला. नेहमी, कधीकधी, कधीच नाही, यांपैकी एकावर खूण करायची. आम्हा दोघींना वाचता येतं ते जेमतेम, म्हणून पाळकीणबाई विचारत बसल्या.

"आजारी माणूस बघून तुमचं मन कळवळतं का?"

"नेहमी," रत्ना म्हणाली. "कुणाचं न्हाई कळवळत, बाई?"

मला निघालं आदरातिथ्याचं दान. माझ्या खोलीत दोन पाहुणे बसले तर तिसऱ्याला दारात उभं राहावं लागतं! विद्याधरभाऊला निघालं व्यवस्था बघण्याचं. आणि रत्नाला निघालं रोग बरे करण्याचं.

त्याच दुपारी श्रुतिका नावाच्या पोरीला हगवण-उलटी लागली. रत्ना तिला मांडीवर घेऊन बसली. मीठ-साखरेचं पाणी चमचा चमचा पाजत राहिली, कपडे धुतले, अंग पुसलं. मधेमधे डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. संध्याकाळपर्यंत पोर उठून बसली, भात मागायला लागली. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना नेमका डोक्यावरचा हात तेवढा दिसला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कागदावर निघालं आणि लगेच देवाने शिक्कामोर्तब केलं!" ते म्हणाले.

रत्नाने पाण्याचं सांगितलं. ऐकलं कुणी?

तिने नको म्हणून बघितलं नाही असं नाही. पण खरी गाठ वेगळीच होती. विद्याधरभाऊने दारू सोडून चार वर्षं झाली होती, तरी मंडळीत त्याला कुणी साधी सतरंजी अंथरायला सांगत नव्हतं. मागच्या भिंतीला टेकून बसायचा, उपासना संपायच्या आधी उठून जायचा. आता तोच माणूस इस्त्रीचा सदरा घालून लोकांची रांग लावत होता. आजाऱ्यांना खुर्ची देत होता, म्हाताऱ्यांना पाणी देत होता. लोक त्याला "विद्याधरदादा" म्हणायला लागले.

"शेवंते, म्या न्हाई म्हणलं तर माझं काय जातंय?" रत्ना एकदा मला बांधावर बसून म्हणाली. "पर ह्यो माणूस पुन्यांदा भिंतीला जाऊन बसंल. आन् तिथनं कुठं जाईल, ते मला ठावं हाये."

"मग ठेव हात. हात ठेवल्यानं काय बिघडतं?"

"हातानं बिघडत न्हाई गं. हात ठेवल्यावर लोक औषीद सोडत्यात, त्यानं बिघडतं."

रत्ना अकरा वर्षं घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात आया होती. ते बंद पडलं तेव्हा ती भाजीत उतरली. डॉक्टर नव्हती, पण माणसाचा चेहरा बघून तिला कळायचं. कुणाचे डोळे पिवळे, कुणाची नखं पांढरी, तिच्या नजरेतून सुटत नसे. हे कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी सुलक्षणाबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. रेवती तिचं नाव, आठवा महिना. पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. "बहिणीला चार दिवस डोकेदुखी आहे, अशक्तपणा आहे. रत्नप्रभाताई, या." गाणं चालू झालं, ढोलकी वाजायला लागली, लोकांनी हात वर केले.

रत्ना पुढे गेली. तिने रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडाकडे बघितलं. पोरीचं तोंड पावासारखं फुगलेलं. रत्ना खाली बसली. मला वाटलं, गुडघे टेकतेय. तिने रेवतीची साडी वर सरकवून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"डोळ्यांपुढं काय चमकतंय का गं?"

"हो मावशी. काजवे चमकल्यासारखं होतंय. सकाळपासनं."

"वर पोटात दुखतंय?"

"हो."

रत्ना उठली. "गाणं बंद करा," ती म्हणाली. ढोलकी थांबली. "हिला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

लोकांचे वर केलेले हात एकेक करून खाली आले.

"ताई," पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आधी प्रार्थना तर करूया. शंका आली की दान मागे हटतं."

"रिक्षात करू प्रार्थना."

सुलक्षणाबाई पुढे आल्या. "अहो, आम्ही एवढ्या लांबून आलो ते दवाखान्यात जायला? तो तर आमच्या दारात आहे. तुम्ही नुसता हात ठेवा, बाकी देव बघेल."

विद्याधरभाऊ रांगेतून पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो रत्नाच्या कानाशी लागला, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं. "दोन शब्द बोल नि बस. सगळ्यांसमोर माझी लाज घालवू नको. पाया पडतो तुझ्या."

रत्नाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वाकली ही. आता ठेवणार हात.

"व्यवस्था बघायचं दान तुमचं हाये ना?" ती म्हणाली. "मंग रिक्षा बघा."

असं म्हणून तिने रेवतीचा दंड धरला. दुसरा मी धरला. विद्याधरभाऊ क्षणभर तसाच उभा राहिला. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती. मग तो वळला आणि चपला न घालता रस्त्यावर पळाला.

मुलुंडच्या पुढचा रस्ता खणलेला. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती. रत्ना मोठ्याने प्रार्थना करत होती आणि मधेच रिक्षावाल्याला शिव्या घालत होती. दवाखान्यात नर्सने रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा बघितला आणि डॉक्टरला हाक मारत आत धावली. "अजून तासभर थांबला असतात तर झटके आले असते," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "दोघंही गेली असती." पोट कापून मुलगी काढली. दीड किलोची, मांजराच्या पिल्लासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रेवती वाचली, मुलगीही वाचली.

मला वाटलं, सुटली रत्ना. आता कुणी तिला दान चिकटवणार नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब साक्ष सांगायला उभे राहिले. "रत्नप्रभाताईंनी हात ठेवला," ते म्हणाले, "आणि त्याच क्षणी देवाने लपलेला रोग उघडा केला. आई वाचली, बाळ वाचलं!" टाळ्यांनी पत्रे दणाणले. सुलक्षणाबाई रडत रडत रत्नाच्या गळ्यात पडल्या.

रत्ना उभी राहिली. "पाळकसाहेब, म्या फकस्त दवाखान्यात नेलं. वाचवलं डॉक्टरनी."

"बघा!" पाळकसाहेब मंडळीकडे वळले. "किती ही नम्रता!"

पुन्हा टाळ्या. रत्ना खाली बसली.

सोमवारी पट्टीत चाळीस माणसं आली. कोथिंबिरीचा वाफा पार गेला.

"व्हय म्हणलं तर दान," ती नळाखाली हात धुताना म्हणाली, "न्हाई म्हणलं तर नम्र. आता म्या कुठनं निघू, शेवंते?"

पलीकडे विद्याधरभाऊ एका म्हाताऱ्याला धरून खुर्चीवर बसवत होता. त्या रविवारी अनवाणी पळताना त्याचा पाय काचेवर पडला होता. पट्टी बांधलेल्या पायाने तो लंगडत होता, पण भिंतीला जाऊन बसला नव्हता. रत्ना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदराला हात पुसून रांगेकडे गेली.

रांगेत पहिला होता साकीनाक्याच्या वर्कशॉपमधला एक कामगार. छातीचा पिंजरा झालेला, दोन महिन्यांचा खोकला. रत्नाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि हात काढून घेतला.

"झालं?" त्याने विचारलं.

"अर्धं झालं."

"म्हणजे?"

"अर्धाच हात ठेवलाय. थुंकी तपासून घे. चिठ्ठी घेऊन ये, मंग उरलेला अर्धा ठेवीन."

"ताई, माझा विश्वास आहे ना तुमच्यावर! पूर्ण ठेवा ना."

"इस्वास हाये ना? मंग सांगते ते कर. चिठ्ठीबिगर आलास तर पयला अर्धापण उतरून जाईल."

मला हसू फुटलं, पण ती हसली नाही. माणूस घाबरून गेला आणि आठ दिवसांनी चिठ्ठी घेऊन आला. क्षयच निघाला. औषधं सुरू झाली होती. रत्नाने उरलेला हात ठेवला, तेव्हा तो बापडा रडला.

तेव्हापासून लोकांत पसरलंय की रत्नाबाईचा हात दोन वेळा घ्यावा लागतो, मधे कागद आणावा लागतो. पाळकसाहेबांना ते फारसं रुचलेलं नाही. "शास्त्रात अर्धं दान कुठे आहे?" असं ते एकदा म्हणाले. पण लोक आता त्यांचंही ऐकत नाहीत. विद्याधरभाऊ चिठ्ठ्या बघून बघून आत सोडतो.

रत्ना मात्र होती तिथेच आहे. तिचे सहापैकी तीन वाफे मोडले. परवाच्या रविवारी हॉलात तिच्या आवडीचं गाणं लागलं. किती दिवसांनी तिने डोळे मिटून सूर धरला होता! आवाज गोड आहे तिचा. पहिलं कडवं संपायच्या आत मागून कुणीतरी पदर ओढला.

"ताई, हात."

तिने डोळे उघडले. उरलेलं गाणं गिळलं, आणि मागे वळून विचारलं, "कुठं दुखतंय? कधीपासनं?"