मामाच्या पानावरचे दोन ठिपके

मी बाथरूमच्या टाइल्स विकतो. आठवडाभर शोरूममध्ये उभं राहून एकच निळं फूल भिंतभर कसं परत परत येतं ते गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवायचं, आणि रविवारी काळा शर्ट चढवून मामाच्या पियानोशेजारी बसायचं, पानं उलटायला. दोन्ही ठिकाणी माझ्याकडे कोणी बघत नाही. गिऱ्हाईक टाइलकडे बघतं, श्रोते मामाकडे बघतात. मला हे बरं पडतं.

पानं उलटायला मामाने मला लहानपणीच शिकवलं, कारण त्याआधी त्याने मला पियानो शिकवून बघितला होता. "याच्या बोटांना कान नाहीत," असं त्याने माझ्या आईला, म्हणजे आपल्या सख्ख्या बहिणीला, एखादा डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो तसं सांगितलं. मग मला डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मामाने मान हलवली की आवाज न करता उठायचं, वरचा कोपरा धरायचा, उलटायचं, बसायचं. खोकायचं नाही. पायाने ठेका धरायचा नाही. वाजवलेलं आवडलं तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, आणि नाही आवडलं तर मुळीच नाही. "पान उलटणारा स्टेजवर नसतो," मामा म्हणायचा. "पान आपोआप उलटतं, असं समज."

यंदा मामाचं जन्माचं स्वप्न पुरं होत होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्याची मैफलींची मालिका लागली होती : त्याचा लाडका संगीतकार आणि त्याचे समकालीन. ही मंडळी जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. पण मामा त्यांच्याविषयी असा बोलायचा, जणू ती सगळी मागच्या गल्लीत राहतात आणि त्यांच्यातल्या दोघांशी आपलं बोलणं बंद आहे. दोन रचनांच्या मधे तो उठून श्रोत्यांना त्यांची उखाळीपाखाळी सांगायचा. एक सतत खोकायचा. एक इतका देखणा होता की तो वाजवायला बसला की बायका भोवळ येऊन पडायच्या. एक पैसेवाल्या घरचा होता, आणि मामाने त्याला त्याबद्दल अजून माफ केलेलं नव्हतं. "आणि आमचा बिचारा," असं म्हणून मामा आपल्या लाडक्या संगीतकारावर यायचा. मामीच्या मते इतक्या मायेने तो तिच्या माहेरच्या कोणाविषयी कधी बोलला नव्हता.

घोळ सुरू झाला तो या आमच्या बिचाऱ्याच्याच रचनेत.

त्याचं असं आहे. काही रचनांमध्ये पहिला भाग दोनदा वाजवायचा असतो. तो पुन्हा लिहून काढायचे कष्ट नकोत म्हणून छापणारे त्या भागाच्या शेवटी एक जाड उभी रेघ मारतात आणि तिच्या अलीकडे, एकावर एक, दोन ठिपके देतात. ठिपके दिसले की मागे जायचं आणि पहिल्यापासून वाजवायचं. दुसऱ्या खेपेला तेच ठिपके दिसले की दुर्लक्ष करून पुढे जायचं. म्हणजे ठिपके तेच, पान तेच, सूर तेच. पहिली खेप की दुसरी, हे मात्र कागदावर कुठेच नसतं. ते वाजवणाऱ्याने लक्षात ठेवायचं असतं.

मामाच्या ते लक्षात राहीनासं झालं.

सरावाला मी त्याच्याकडे गेलो होतो. पहिला भाग झाला, मामाने मान हलवली, मी पानं मागे नेली. दुसऱ्यांदा झाला, मामाने मान हलवली आणि डोळ्यांनी पुन्हा मागे खुणावलं. मला वाटलं, बोटं गरम करतोय. चौथ्या खेपेला मामी हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"चहा दोनदा उकळला," ती म्हणाली, "हे अजून पहिल्याच भागात कसे?"

"मामा," मी म्हणालो, "हे झालं की वाजवून."

मामाने हात उचलले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या घरात नेमका कोणत्या नात्याने आलोय याची त्याला शंका यावी. "ठिपके दिसतायत ना? ठिपके म्हणजे मागे जायचं. तू टाइल्स विकतोस, राजे. मी हे आयुष्यभर शिकवलंय."

आणि खरंच, बाकी सगळं त्याला पाठ होतं. देखण्याच्या कोणत्या मैफलीत कोणती तार तुटली ते तो सांगायचा. बोटं तर एकदाही चुकत नव्हती. त्याचं दीडशे वर्षांपूर्वीचं सगळं शाबूत होतं, हरवत होती ती फक्त मागची पाच मिनिटं.

डॉक्टरांकडे चल म्हटलं की तो म्हणायचा, मालिका संपू दे. मैफल रद्द कर म्हणायची तर आमची कोणाचीच छाती नव्हती. मामीने मला दारापर्यंत सोडायला म्हणून बाहेर आणलं आणि जिन्यात थांबवलं.

"कसंही कर," ती म्हणाली, "पण या रविवारी त्यांना शेवटापर्यंत ने. पुढचं पुढे बघू. चार लोकांत त्यांचं हसं झालेलं मला बघवणार नाही."

"मामी, मी फक्त पानं उलटतो."

"मग नीट उलट."

उपाय शेवटी मामीनेच काढला. शनिवारी मामा आंघोळीला गेलेला बघून तिने त्या रचनेची छापील वही उघडली आणि व्हाइटनरच्या ब्रशने ते दोन ठिपके पुसून टाकले. ना ठिपके, ना मागे जाणं. पहिला भाग एकदाच वाजणार, लोकांना पत्ता लागणार नाही, आमचा बिचारा तक्रार करायला येणार नाही. मामीने फुंकर घालून ते वाळवलं. चष्मा लावून बघितलं तरी रेघेला अंग टेकून बसलेला एक पांढरा डाग, एवढंच दिसत होतं. आम्हाला दोघांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी हॉल अर्धा भरला होता, म्हणजे आमच्या हिशेबाने तुडुंब. मामी पहिल्या रांगेत पर्स मांडीवर उभी धरून बसली. हॉलचा व्यवस्थापक विंगेत येऊन मला म्हणाला, "वेळेत आटपा हं. तुमच्यानंतर हॉल विमा एजंटांच्या संमेलनाला दिलाय. ती माणसं वेळेआधी येतात, सवयच असते त्यांना."

पूर्वार्ध असा झाला की मी उगाच घाबरलो असं वाटलं. खोकणारा झाला, देखणा झाला, पैसेवाल्याला मामाने चार टोमणे मारून वाजवला आणि फार सुंदर वाजवला. मग आमचा बिचारा आला.

पहिला भाग संपत आला तशी माझी नजर त्या पांढऱ्या डागावर खिळली. मामा डागापाशी आला. त्याने डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मान मागच्या बाजूला हलवली.

मी जागचा हललो नाही. मामा माझ्यासाठी थांबला नाही. समोर त्या भागाचं शेवटचं पान उघडं असताना तो सरळ पहिल्या पानापासून वाजवू लागला, तोंडपाठ. त्याला ठिपक्यांची गरजच नव्हती, ते त्याच्या हातांत होते. त्याला पानांचीही गरज नव्हती. म्हणजे इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो हा एक वेगळाच प्रश्न होता, पण त्यासाठी तेव्हा सवड नव्हती.

निदान शोभा नको म्हणून मी उठून पानं मागे नेली. ही दुसरी खेप, म्हणजे नियमाप्रमाणेच. हरकत नाही, मी मनाशी म्हणालो.

तिसऱ्या खेपेला मी पान पुढे उलटलं आणि हाताने दाबून धरलं. मामा मागे गेला. चौथ्या खेपेला दोन पानं एकदम पुढे नेली. मामाने वाजवता वाजवता डाव्या हाताला मिळालेल्या उसंतीत ती स्वतः परत आणली, आणि ती उसंत संपायच्या आत तो हात जागेवर पोचलाही. असं पान उलटणं मला या जन्मात जमलेलं नाही.

लोकांना अजून काही कळलं नव्हतं. उलट तिसऱ्या रांगेतला एक दाढीवाला डोळे मिटून डोलू लागला होता, आणि शेजारणीला कुजबुजला ते मला स्पष्ट ऐकू आलं : "किती धाडसी विचार आहे."

पाचव्या खेपेला मागचं दार उघडलं आणि विमा एजंट आले. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले. आपल्याच संमेलनाचा करमणुकीचा कार्यक्रम आहे असं समजून ते पटापट बसले. हॉल खच्चून भरला. साऱ्या मालिकेत एवढी गर्दी झाली नव्हती. व्यवस्थापक विंगेतून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. मी त्याला डोळ्यांनी विचारलं, काय करू? तो डोळ्यांनी म्हणाला, मला काय माहीत? पहिल्या रांगेत मामी पर्सचे बंद गच्च आवळून माझ्याकडे बघत होती. मामाकडे नाही, माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मैफलीत कोणी माझ्याकडे बघत होतं.

मामाच्या कपाळावरून घाम उतरून भुवईत थांबला होता. तो थकला होता. पण वाजवणं अजून तसंच, दर खेपेला नव्याने सुचल्यासारखं. त्याच्यासाठी ते नवीनच होतं. डाग जवळ आला. मी वाकलो आणि जे पान उलटणारा कधी करत नाही ते केलं.

"मामा," मी म्हणालो, "झालंय हे वाजवून."

त्याची बोटं चालू राहिली. "कधी?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"आत्ताच."

मला वाटलं, आता राजे म्हणणार आणि टाइल्स काढणार. त्याने तसं केलं नाही. तो दोन ओळी नुसता वाजवत राहिला, आणि मला कळलं की तो शोधतोय. मग त्याने विचारलं, "चांगलं झालं का?"

ज्याच्या बोटांना कान नाहीत त्याला हे विचारलं होतं.

"हो," मी म्हणालो. "फार चांगलं झालं."

"मग पुढचं पान दे."

मी दिलं. तो डाग ओलांडून पुढे गेला, मधला भाग झाला, शेवटचा झाला, आणि आमचा बिचारा एकदाचा संपला. टाळ्यांनी हॉल हादरला. एजंटांना टाळ्यांचा सराव होता. मामाने उठून वाकून नमस्कार केला. मामीने पर्स सोडली आणि रुमाल शोधू लागली. मी पानं गोळा केली. नेलं शेवटापर्यंत, असं मी तिला लांबूनच खुणेने सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बिल्लेवाला उभा राहिला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "वन्स मोअर!"

मग सगळेच.

मामाचा चेहरा इतका खुलला की मला त्याच्या हाताला धरून बाहेर नेववेना. तो पुन्हा स्टुलावर बसला, बाह्या नीट केल्या आणि माझ्याकडे झुकला. "काय वाजवलं रे मी?" त्याने हळूच विचारलं. "कशाचा वन्स मोअर?"

खरं नाव सांगितलं असतं तर आम्ही तिथेच म्हातारे झालो असतो, विमा एजंटांसकट. मी वह्यांच्या चळतीत सगळ्यात खाली हात घातला. तिथे मुलांसाठी लिहिलेल्या रचनांचं एक पातळ पुस्तक होतं. त्यातला एक तुकडा मामाने मला लहानपणी शिकवायला घेतला होता. जेमतेम एक पान. सोपा, हळू, आणि अथपासून इतिपर्यंत एकही ठिपका नाही. मी तो उघडून समोर ठेवला.

"हा?" मामा म्हणाला. "हा तुझा आहे."

"हाच मागतायत लोक."

त्याने वाजवायला घेतला. एजंट गप्प झाले. व्यवस्थापकाने घड्याळाचा हात खाली केला. मला कधी न जमलेला तो तुकडा मामाच्या हातांतून इतका साधा येत होता की माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं कोण जाणे; नियम मोडला असणार. पानाच्या तळाशी शेवटचा सूर आला. तो विरला. मी टाळ्यांची वाट बघत होतो.

मामाने हात उचलले नाहीत. त्याने पानाच्या वरच्या टोकाकडे बघितलं, नुकतंच कोणीतरी समोर आणून ठेवल्यासारखं, आणि पहिल्या सुरापासून सुरुवात केली.

लोक खूश होऊन कुजबुजले. पहिल्या रांगेत मामी उठून उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. मी सवयीने अर्धा उठलो होतो, हात पानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. पण ते एकच पान होतं. त्याला मागे नव्हतं, पुढेही नव्हतं. मी खाली बसलो आणि हात मांडीवर ठेवले.