काहिलीखालचं घर

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. म्या घेते. उत्तरेश्वर. गेल्या मार्गशीर्षात सकाळचा तळ्यावर गेला तो आलाच न्हाय, मग मान कुणाचा ठेवायचा?

तळं म्हंजे आमच्याच गावावर साठलेलं पाणी. बहात्तरच्या दुष्काळात धरणाचं काम निघालं तवा आमीच खडी फोडली, आमीच माती वाहिली, आन् पुढं पाऊस लागल्यावर आमचंच हिवरडं गाव बुडालं. माळावर प्लॉट मिळाले. दारं, आढी, जातं, देव, समदं गाडीत घालून वर आणलं. भिंती तेवढ्या खाली राहिल्या. रान गेल्यावर खायचं काय म्हणून मच्छीमार सोसायटी निघाली. ज्यांनी जन्मात बैलाची शेपटी सोडून काही धरलं न्हवतं, त्यांच्या हातात गळ आले.

नावा कुठल्या आणायच्या? ऊस ढोकीच्या कारखान्याला जायला लागला तशी गुऱ्हाळं मोडली होती, त्यांच्या काहिली पडून होत्या. गूळ कढवायची ती पसरट लोखंडी कढई, एक माणूस मांडी घालून बसंल येवढी. तीच पाण्यात लोटायची आन् फळीच्या तुकड्यानं वल्हवायची. सरळ बसलं तर तरंगती. एका अंगाला कललं आन् काठावरून पाणी आत आलं की खेळ खलास. लोखंड ते, तळाला जायला किती येळ लागतोय.

थंडीत मासा भिंतींच्या आडोशाला बसतो. म्हणून जो तो आपापल्या घरावर काहील न्यायचा. दुसऱ्याच्या घरावर गळ टाकायचा झाला तर आधी वरून हाळी द्यायची, "येऊ का वो आत?" थट्टेत सुरू झालेलं, पुढं रीतच पडली. खालून कोण ओ देणार हाय? तरी माणसं जरा थांबायची आन् मगच गळ सोडायची.

उत्तरेश्वर गेला तवा त्याच्यासंगट काहीलबी गेली. लोकांनी घरावर गळ फिरवले, जाळी ओढली. बलभीम भोई, आमच्या सोसायटीत पाणी कळणारा तो येकटाच, मला म्हणला, "वहिनी, बुडालेला माणूस दोन-तीन दिसांत वर येतोच." न्हाय आला. मग लोकांची तोंडं सुटली. काहील भंगारात घातली म्हणे, आन् ढोकीला ऊसतोडीच्या टोळीत गेला. तिथं त्याची बाई हाय. एकानं तर त्याला येरमाळ्याच्या जत्रेत नवा पटका बांधून फिरताना बघितला. म्या विचारलं, पटका कुठल्या रंगाचा? तर म्हणतो, ध्यानात न्हाय.

माझी सासू विठाबाई, म्या त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांना ही अफवा लई गोड लागली. बाई ठेवली तर ठेवली, ल्योक जिता हाय ना. उठता बसता मला सुनवायच्या, "तुज्या तोंडाला कंटाळून गेला तो."

"गेला न्हाय, मेला," म्या म्हणायची.

"तुजी जीभ झडो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ह्यांना ल्योक जिता पायजे, मग माझी इज्जत गेली खड्ड्यात. संक्रांतीला बायका वाण घेऊन दारापतोर आल्या आन् आत यावं का न्हाय हेच त्यांना कळंना. तशाच माघारी गेल्या. त्या दिशी म्या चुलीपुढं बसून लई रडले. माझं मागणं येवढंच होतं. मेला असंल तर मला रडू द्या, पळाला असंल तर जाऊन तंगडं मोडू द्या. पण मधी लोंबकळत ठेवू नका.

औंदा पावसानं दगा दिला. दिवाळीपास्नंच पाणी मागं सरायला लागलं आन् म्या सोसायटीत जाऊन त्याच्या जागी माझं नाव मागितलं. बाई काहिलीत बसणार म्हणून माणसं हसली. म्हणलं, मग तुमी घरी या आन् माझी चूल पेटवा, म्या हसते. लिवलं माझं नाव. बलभीमनं त्याची जुनी काहील दिली, बसायचं कसं ते शिकवलं. तंगुसाला, म्हंजे गळाच्या दोरीला, टोकाशी शिसं बांधायचं आन् तळावर टेकवत जायचं. चिखलात पडलं की दोरी गप ऱ्हाते, दगडावर पडलं की बोटाला टिचकी बसती. माशाचं नुसतं निमित्त. मला त्याला हुडकायचं होतं, हे बलभीमला कळत होतं, आत्याबाईला तर पुरतं कळत होतं. रोज सकाळी त्या टोपलं घेऊन काठावर येऊन बसायच्या. मासे न्यायला आले म्हणायच्या. पण नजर माझ्या हातातल्या दोरीवर.

नव्या शाळेचं कौल आन् माळावरचा लिंब एका रेघेत आला की खाली आमचा उंबरा. तिथनं पुढं म्या शिशानं घर चाचपत जायची. ही वसरी. हे माजघर. ही चूल, इथं म्या नवी नवरी असताना पहिली भाकर करपवली होती. खाली माझा संसार आन् वर म्या कढईत बसलेली. सकाळच्या धुक्यात पाणी वाफलतं, काठ दिसंनासा होतो, बुडबुडे वर येऊन काहिलीच्या बुडाला लागतात. मला सारखं वाटायचं, खाली आंगणात कुणीतरी उभं हाय आन् मान वर करून ह्या काळ्या गोल बुडाकडं बघतंय. भ्या वाटायचं. खोटं कशाला बोलू, भ्या वाटायचं आन् तरी दुसऱ्या दिशी जायची. घरावरचा मासा म्या कधी तोंडात घातला न्हाय.

घरात काही गावलं न्हाय. खोल्या किती, तर तीन. चिखल आन् दगड, दगड आन् चिखल. तवर पाणी आणखी उतरलं आन् मासा घरामागं परड्यात सरकला. तिकडं उतार हाय, पाणी खोल. गेल्या साली तिथवर कुणाचा गळ पोचलाच न्हवता. त्या सकाळी वारा अजाबात न्हवता. म्या काहील परड्यावर नेली आन् का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघालं, "येऊ का आत?"

आपल्याच घरावर कुणी इचारत न्हाय. म्या इचारलं, आन् थांबले बी.

मग शिसं सोडलं. चिखल. थोडं पुढं, चिखल. आणखी पुढं शिसं पडलं आन् दोरीतनं बोटाला येगळाच झणका आला. दगडाचा न्हवं. पुन्यांदा उचलून सोडलं. टण्ण. बारीक, पण साफ ऐकू आलं, पाण्यातनं वर येऊन काठाकडं गेलं. म्या खुळ्यावानी परत उचललं, परत सोडलं. आमच्या परड्यात लोखंड न्हवतं. फुटका विळा बी आमी मागं ठेवला न्हवता.

म्या दोरी ओढाया लागले तर गळ कशाला तरी अडकलेला. हळूहळू वर आलं ते कासऱ्याचं वेटोळं. बैलाचा कासरा, आमच्याच दावणीचा, शेवाळलेला. बलभीम उत्तरेश्वरला घसा फोडून सांगायचा, काहिलीचा दोर आंगाला बांधू नको. त्याला पटायचं न्हाय. बैल सुटला तर सांजच्याला घरला येतो, म्हणायचा, काहील सुटली तर कुठं हुडकू? कुळवावर कासरा कमरेला गुंडाळायची त्याला लहानपणापास्नं सवय. काहील गेली ती त्याला घेऊन गेली. वर यायला तो मोकळाच न्हवता.

कासरा माझ्या हातात, त्याची दोन्ही टोकं खाली गेलेली. एक टोक ओढलं, ते हललं न्हाय, ती काहील. दुसरं ओढलं. ते जड न्हवतं. पण मोकळंबी न्हवतं. म्या जरा ओढलं तसं ते जरा आलं, सोडलं तसं जरा परत गेलं.

म्या कासरा सोडून दिला. वर्सभर मला हेच तर पायजे होतं, आन् आता हातात आल्यावर वाटलं, ढोकीला असता तर बरं झालं असतं. दहा बायका ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. काहील तिच्या तिच्या मनानं गोल फिरत होती.

काठाला आले तर आत्याबाई गुडघाभर पाण्यात उभ्या. लुगडं भिजलेलं, ओठ निळे पडलेले. उभा जलम त्यांनी गुऱ्हाळात काहिली घासल्या, त्या आवाजाची वळख त्यांना कुणी द्यायची? घोकून ठेवलेलं समदं माझ्या तोंडाशी होतं. खरं निघंल त्या दिशी म्हातारीला काय काय सुनवायचं ते. ते गिळलं आन् वल्हवायची फळी आत घेतली.

त्यांनी काहिलीचा काठ धरला. "परड्यात का?"

"व्हय."

त्या तळ्याकडं बघत ऱ्हायल्या. धुकं पातळ झालं होतं. मग माझ्याकडं न बघताच म्हणल्या, "खाली लई गार असंल का गं त्याला?"

"न्हाय, आत्याबाई," म्या म्हणले. "गारठा वरच असतोय. खाली कोमट हाय, आडातल्या पाण्यावानी."

"खरं सांगतीस?"

"हात घालून बघितलं की."

त्यांनी मान हलवली. काहील ओढून चिखलात लावली, माझा दंड धरून मला बाहेर घेतलं.

"मग निजू दे जरा," त्या म्हणल्या. "ऊन वर येऊ दे. मग बलभीमला हाक मारू."

आमी दोघी तिथंच काठावर बसलो.